बॉक्सएन वॅगन घरी बनवायची तर: शीट कापण्यापासून कोळसा भरण्यापर्यंत

बॉक्सएनला, म्हणजे कोळसा नेणाऱ्या उघड्या मालडब्याला, बफर (टोकाला असतात ते धक्का झेलणारे गोल दट्टे) नसतात. हे सगळ्यात आधी सांगतो कारण माझ्या पहिल्या मॉडेलला मी चार बफर लावले होते, मस्त पॉलिश करून, आणि मग एक दिवस भुसावळला प्लॅटफॉर्मवर उभा असताना समोरून कोळशाचा रेक, म्हणजे वॅगनची अख्खी रांग, गेला आणि लक्षात आलं की ह्याला बफर आहेतच कुठे, मधे फक्त सेंटर बफर कपलर, वॅगन जोडायला आणि धक्का झेलायला एकच. लहानपणापासून हजारो वॅगन गेल्या डोळ्यासमोरून, पण बघितली एकही नव्हती. म्हणून आता मी कुठलीही वॅगन करायची झाली की आधी फोटो, मग मापं, आणि ब्लेडला हात सगळ्यात शेवटी.

ही बॉक्सएन निवडायचं कारण एवढंच की आपल्याकडे ती सगळीकडे दिसते. उघडी, आठ चाकांची, चंद्रपूर, कोराडी, परळी, दीपनगर असल्या वीज केंद्रांना कोळसा नेणारी, ५८ वॅगन आणि शेवटी ब्रेक व्हॅन असा लांबलचक रेक. आणि आकार साधा आहे, वर छप्पर नाही, गोलाई नाही, म्हणजे शीटमधून पहिलीच वॅगन करणाऱ्यालाही जमते.

स्केल १:८७, म्हणजे एचओ. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम ज्यांनी बघितलंय त्यांना हा आकार डोळ्यासमोर येईल. आता मापं लिहून घ्या, खऱ्या वॅगनची मिलिमीटरमध्ये आणि पुढे आपली. हेडस्टॉक (वॅगनच्या टोकाचा आडवा बीम) ते हेडस्टॉक ९७८४, आपलं ११२.५. कपलर ते कपलर १०७१३, आपलं १२३. एकूण रुंदी ३२००, आपली ३६.८. रुळापासून वरच्या काठापर्यंत ३२२५, आपलं ३७. आतली रुंदी २९५० म्हणजे ३३.९ आणि आतली उंची १९५० म्हणजे २२.४. दोन बोगींच्या (वॅगनखालचे चार चाकांचे सांगाडे) सेंटरमधलं अंतर ६५२४, हे आपल्याला बरोबर ७५ पडतं, लक्षात ठेवायला सोपं. बोगीचा व्हीलबेस (दोन आसांमधलं अंतर) २००० म्हणजे २३ आणि नवीन चाक १००० व्यासाचं म्हणजे ११.५.

एक अडचण आधीच मान्य करून टाका. आपला ब्रॉड गेज १६७६, तो १:८७ ला १९.३ मिमी होतो, आणि बाजारात मिळणारा एचओ ट्रॅक १६.५ चा, कारण तो १४३५ च्या स्टँडर्ड गेजसाठी आहे. म्हणजे आपली वॅगन रुळांपेक्षा थोडी अंगाने मोठी दिसणार, समोरून बघितलं की जास्त. काही लोक १९.३ चा ट्रॅक स्वतः टाकतात, त्यांना सलाम, पण मग इंजिनापासून पॉइंटपर्यंत (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) सगळं हाताने करावं लागतं. मी १६.५ वरच आहे. बाजूने बघताना फरक जाणवत नाही.

फोटोबद्दल. बाजूचा फोटो लांबून झूम करून घ्या, अगदी काटकोनात, जवळून वाइड घेतला तर कडा पळतात आणि मापं चुकतात. मग कॉम्प्युटरवर हेडस्टॉक ते हेडस्टॉक किती पिक्सेल ते मोजा, ते ११२.५ मिमी, त्यावरून प्रत्येक स्टँचनची (साइडवरच्या उभ्या पट्टीची) जागा, दाराची रुंदी, सगळं त्रैराशिकाने निघतं. आतला भाग बघायचा असेल तर स्टेशनचा पादचारी पूल सगळ्यात भारी, खालून रिकामा रेक गेला की फ्लोर, आतले डेंट, राहिलेला चुरा सगळं दिसतं. पण यार्डात घुसू नका, रुळांवर उतरू नका, तो गुन्हा आहे आणि फोटोपेक्षा जीव मोठा. प्लॅटफॉर्म तिकीट काढा आणि निवांत थांबा, वॅगन येतातच.

सामान फार लागत नाही. स्टायरीन शीट ०.५ आणि १ मिमीची, एव्हरग्रीनची मिळाली तर उत्तम, नाहीतर आर्किटेक्चरच्या पोरांना सामान देणाऱ्या दुकानात हाय इम्पॅक्ट स्टायरीन म्हणून विचारा. (सनबोर्ड देतील, तो घेऊ नका, आत फोम असतो.) कापायला मेडिकलमधून ३ नंबरचं हँडल आणि ११ नंबरची सर्जिकल ब्लेड, ह्यापेक्षा धारदार आणि स्वस्त काही नाही, फक्त बोटं सांभाळा. स्टीलची पट्टी, व्हर्नियर, सुतारकामाचा छोटा गुण्या, ४०० आणि ८०० चा पॉलिश पेपर. चिकटवायला पातळ स्टायरीन सिमेंट, मी टामियाचं एक्स्ट्रा थिन वापरतो. फेविक्विक फक्त धातू प्लास्टिकला लावायचा असेल तेव्हा. स्टायरीनला स्टायरीन फेविक्विकने जोडलं तर जोड ठिसूळ राहतो, वॅगन एकदा पडली की कडकन सुटतो, सिमेंटने मात्र दोन्ही कडा विरघळून एक होतात.

आता मुख्य गंमत बघा. बाहेरची रुंदी ३६.८ आणि आतली ३३.९, फरक २.९, म्हणजे एका बाजूला साधारण १.४५ मिमी. ह्या दीड मिमीत पत्रा पण आला आणि बाहेरचे उभे स्टँचन पण आले. म्हणजे साइड ०.५ च्या शीटची आणि स्टँचन १ मिमी खोलीच्या पट्टीचे, बेरीज दीड, काम झालं. मी सुरुवातीला १ मिमीची साइड घेऊन त्यावर अर्ध्या मिमीचे स्टँचन लावले होते, एकूण रुंदी तीच पण वॅगन चपटी दिसायची, सावलीच पडत नव्हती. बॉक्सएनची ओळखच त्या उभ्या सावल्यांमध्ये आहे, त्यामुळे इथे तडजोड नको.

कापताना आरपार कापायचं नाही, पट्टी घट्ट धरून दोन तीन हलके हात मारायचे आणि शीट वाकवायची, रेषेवर सरळ तुटते. दोन्ही साइड एकदम टेपने चिकटवून एकत्र घासा म्हणजे उंची सारखी येते. फ्लोर ३३.९ रुंद, साइड त्याच्या बाहेरून येणार, त्यामुळे साइडची उंची २२.४ अधिक फ्लोरची जाडी इतकी धरा.

स्टँचन लावायच्या आधी एक काम करा जे बहुतेक लोक करत नाहीत. खऱ्या बॉक्सएनच्या साइड सपाट नसतात. कोळसा भरताना लोडरचे फटके बसतात, आतून भाराचा दाब असतो, वीज केंद्रात वॅगन टिपलरवर अख्खी उलटी करून रिकामी करतात, ह्या सगळ्याने दोन स्टँचनच्या मधला पत्रा बाहेर फुगतो. तर साइडवर पेन्सिलीने स्टँचनच्या जागा आखा, शीट खोडरबरवर ठेवा आणि आतल्या बाजूने मधल्या चौकोनात चमच्याच्या दांड्याच्या गोल टोकाने हळूहळू दाबत फिरवा. हलका फुगवटा पाहिजे, खड्डा नको. सगळे चौकोन सारखे फुगवू नका, एखादा जास्त, एखादा सरळ, एखादा उलटा आत गेलेला. नवीन बांधणीची वॅगन करायची असेल तर हे सोडून द्या, पण मग रंगही नवा ठेवा, फुगलेली साइड आणि कोरा रंग हे जमत नाही.

स्टँचनसाठी जिग करा. दोन स्टँचनच्या मधल्या अंतराएवढा एक तुकडा कापायचा आणि प्रत्येक वेळी तो मधे धरून पुढची पट्टी लावायची. स्टँचन किती, दारं कुठे, हे फोटोत मोजा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका, कारण बॉक्सएनचे पुढचे प्रकार आले त्यात बारीकसारीक फरक आहेत आणि तुमच्या फोटोतली वॅगन हीच तुमची वॅगन. सिमेंट ब्रशच्या टोकावर अगदी थेंबभर, पट्टीच्या कडेला टेकवायचं, ते आपोआप आत ओढलं जातं. जास्त लावलं तर अर्ध्या मिमीची साइड एका बाजूला केळ्यासारखी वाकते, कारण सॉल्व्हंट उडून जाताना प्लास्टिक खेचलं जातं. म्हणून चार स्टँचन लावले की काचेखाली दाबून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुढचे. घाई केली तर बॉडी जोडताना कोपरे जुळत नाहीत, मग पुट्टी भरत बसावं लागतं. रिवेटसुद्धा फोटोत दिसतील तिथेच, उगाच ओळीने टोचत सुटू नका.

जोडताना आधी फ्लोर आणि एक साइड, गुण्याला टेकवून. मग दोन्ही एंड. शेवटी दुसरी साइड. वरचा काठ एका पट्टीने बंद केला की डब्याला एकदम ताकद येते.

वजन. हे दिसत नाही म्हणून लोक सोडतात आणि मग वॅगन पॉइंटवर उडी मारते, कर्व्हवर लांब रेक ओढला की मधली वॅगन आत कलंडते. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा एचओसाठीचा नियम सरळ आहे, १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपल्या वॅगनला ते ९० ते ९५ ग्रॅमच्या आसपास येतं. उघड्या वॅगनमध्ये वजन लपवणार कुठे, तर फ्लोरमध्ये. वर अर्ध्या मिमीची शीट, मधे १ मिमीचा शिशाचा पत्रा, खाली परत अर्धा मिमी. ३० बाय ११० चा असा पत्रा साधारण ३७ ग्रॅम भरतो. शिसं नाही मिळालं तर टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगची चिकटणारी वजनं मिळतात, ती अंडरफ्रेमच्या (फ्लोरखालच्या सांगाड्याच्या) मधल्या पोकळीत बसतात. पत्रा अरल्डाइटने चिकटवा, आणि खालच्या शीटला दोन तीन बारीक भोकं पाडून ठेवा, आत अडकलेली सॉल्व्हंटची वाफ बाहेर जायला जागा पाहिजे, नाहीतर काही महिन्यांनी फ्लोर पापडासारखा फुगतो. शिसं हाताळलं की हात साबणाने धुवा, आणि घरात लहान मूल असेल तर मी म्हणेन शिसं नकोच, १ मिमीचा लोखंडी पत्रा घ्या, तो साधारण २६ ग्रॅम होतो, बाकीचं वजन कोळशाच्या लोडमध्ये टाका. किचनच्या डिजिटल काट्यावर बोगीसकट मोजा.

बोगी. खरी बोगी कॅसनब, ओतीव स्टीलची, दोन साइड फ्रेम आणि मधे आडवा बीम म्हणजे बोल्स्टर अशी थ्री पीस. अमेरिकन मालगाड्यांची बोगीही ह्याच जातीची, त्यामुळे बाहेरची रोलर बेअरिंगची एचओ बोगी आणली तर बरीच जवळ जाते. व्हीलबेस थोडा कमी येतो, १०० टनी अमेरिकन बोगीचा २०.४ मिमी आणि आपल्याला हवा २३, आणि ३६ इंची चाक १०.५ चं, आपलं ११.५ चं. डोळ्याला खटकत असेल तर रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घ्या, हल्ली प्रिंट करून देणारे बऱ्याच शहरांत आहेत, ड्रॉइंग मात्र तुम्हालाच करावं लागेल. चाकं कुठल्याही परिस्थितीत धातूची घ्या. प्लास्टिकची चाकं रुळावर काळा थर सोडत जातात आणि वजनही वरच राहतं, जे खाली पाहिजे.

बोगी बसवताना अंडरफ्रेमला १.६ चं भोक, त्यात एम २ च्या टॅपने आटे, आणि स्क्रू. एक बोगी एवढी घट्ट की फक्त फिरेल, डुलणार नाही. दुसरी थोडी सैल, फिरेलही आणि डुलेलही. मग वॅगन तीन पायांच्या स्टुलासारखी उभी राहते, ट्रॅक जरा वरखाली असला तरी आठही चाकं रुळाला टेकलेली राहतात. दोन्ही सैल ठेवल्या तर वॅगन दारुड्यासारखी झुलते, दोन्ही घट्ट केल्या तर पहिल्याच जॉइंटला चाक उचलतं.

कपलरचं गणित जरा विचित्र आहे म्हणून नीट सांगतो. खऱ्या आपल्या वॅगनचा कपलर रुळापासून जास्तीत जास्त ११०५ मिमीवर, म्हणजे १:८७ ला १२.७. पण केडी ह्या अमेरिकन कंपनीचा मॉडेल कपलर ज्या उंचीवर चालतो ती अमेरिकन उंची, साधारण ९.९. जवळजवळ ३ मिमीचा फरक. तुमचा सगळा रेक आणि इंजिन तुम्हीच करणार असाल तर १२.७ ठेवा, छान दिसतं. बाकी लोकांच्या गाडीला जोडायची असेल, क्लबमध्ये न्यायची असेल, तर ९.९ च ठेवा, केडीचा हाइट गेज विकत मिळतो त्यावर प्रत्येक वॅगन तपासा. कपलरचा बॉक्स हेडस्टॉकच्या खाली जाईल, समोरून थोडं लटकल्यासारखं दिसेल, पण मी चालणारी गाडी निवडली, आणि बाजूला ब्रेक पाइपचा होज लावला की तिकडे लक्ष जात नाही.

इथपर्यंत आलं की रंग, डिटेल काही न करता नुसती पांढरी वॅगन चालवा. इंजिनाने ओढा, मग मागून ढकला, पॉइंटवरून उलटी न्या, तुमच्याकडे असलेल्या सगळ्यात तीव्र कर्व्हवर हळू चालवून चाक अंडरफ्रेमला घासतंय का बघा. घासत असेल तर आत्ताच काढा. बारीक पाइप लावून झाल्यावर वॅगन उलटी करून घासायची वेळ आली की रडू येतं, मी एकदा तीन दिवसांचं काम असं गमावलंय.

डिटेलमध्ये तीन गोष्टींवर वेळ घालवा, बाकी दिसत नाहीत. एक, खालचा ब्रेकचा संच, म्हणजे ब्रेक सिलिंडर, ऑक्झिलरी रिझर्व्हॉयर (ब्रेकच्या हवेची टाकी), आणि ब्रेक पाइप. पाइपला जुन्या वायरमधली ०.४ ची तांब्याची तार, गॅसवर क्षणभर तापवून थंड केली की मऊ होते आणि हवी तशी वळते. दोन, बाजूचं हँडब्रेकचं चाक, हे प्रिंट करा नाहीतर घड्याळवाल्याकडे जुन्या घड्याळाची चक्रं मागा, एखादं फिट बसतं. तीन, एम्प्टी लोडचं हँडल, रिकाम्या आणि भरलेल्या वॅगनला ब्रेकचा जोर वेगळा लागतो म्हणून ते असतं, छोटीशी पट्टी आहे पण रेल्वेवाला माणूस मॉडेल बघताना पहिले तिकडेच बोट दाखवतो. हँडहोल्डला गिटारची सगळ्यात पातळ तार.

रंग रेड ऑक्साइड. स्प्रेचा डबा वापरणार असाल तर आधी स्टायरीनच्या कचऱ्यावर मारून बघा, काही स्प्रेमधला थिनर प्लास्टिक खातो. साधारण फूटभर अंतरावरून पातळ थर, तीन वेळा. पावसाळ्यात मारू नका, हवेतल्या ओलाव्याने रंगावर पांढरट धुकं बसतं, जून ते सप्टेंबर मी फक्त कापाकापी करतो.

नंबर मनाने टाकू नका, त्याला अर्थ आहे. अकरा आकडे असतात. पहिले दोन वॅगनचा प्रकार, उघड्या वॅगनला १० ते २९ मधले. पुढचे दोन मालक रेल्वे, मध्य रेल्वे ०१, पश्चिम ०८. पुढचे दोन बांधणीचं वर्ष. मग चार आकडे त्या वॅगनचे स्वतःचे आणि शेवटचा एक चेक डिजिट. तो असा काढायचा, सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज गुणिले ३, त्यात विषम जागांवरच्यांची बेरीज मिळवा, पुढच्या दहाच्या पटीला जायला जे कमी पडतं तो चेक डिजिट. उदाहरणार्थ १० ०१ ८९ १२३४ घ्या. सम जागा ०, १, ९, २, ४, बेरीज १६, तिप्पट ४८. विषम १, ०, ८, १, ३, बेरीज १३. एकूण ६१, सत्तरला ९ कमी, म्हणून नंबर १००१८९१२३४९. मी माझ्या प्रत्येक वॅगनला असा खरा बसणारा नंबर देतो, कोणी तपासो न तपासो.

पांढरी अक्षरं साध्या प्रिंटरवर छापता येत नाहीत, पांढरी शाई नसतेच. व्हाइट टोनरचा प्रिंटर असलेलं दुकान सापडलं तर ट्रान्स्परंट डेकल पेपरवर (पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ स्टिकर) छापून घ्या, नाहीतर बारीक पांढरं जेल पेन. डेकल लावायच्या आधी ग्लॉस वार्निश, लावून सुकल्यावर मॅट, नाहीतर डेकलखाली हवा राहून चंदेरी चकाकी दिसते. जेल पेनवर मॅट मारायच्या आधी कचऱ्यावर टेस्ट, काही वार्निशने शाई पसरते.

आणि आता मळवणं, माझं सगळ्यात आवडतं काम. प्रत्येक डागाला कारण पाहिजे. आतून रंग राहतच नाही, कोळसा घासून घासून पत्रा उघडा पडतो, म्हणून आत बर्न्ट अंबर, काळा आणि थोडा गंजाचा रंग स्पंजच्या तुकड्याने टिपत जा. साइडच्या खालच्या भागात ओला कोळसा साचून राहतो, तिथून पत्रा कुजतो, म्हणून गंज खालून वर चढताना दाखवा, वरून खाली नाही, आणि तिथे एखादा नवीन वेल्ड केलेला पत्र्याचा ठिगळ द्या, जरा वेगळ्या शेडचा. ह्याच गंजामुळे पुढे बॉक्सएनएचएलसारख्या वॅगनला स्टेनलेस स्टील आलं. वरच्या काठावर लोडर घासतो, तिथे ६बी पेन्सिल हलकी ओढा, उघड्या लोखंडाची चमक येते. बोगीवर ब्रेक ब्लॉकची करडी तपकिरी धूळ. ह्या धुळीला महागड्या पावडरी नकोत, गेरू किंवा काव आणि वाटलेला कोळसा मिसळून जुन्या मेकअप ब्रशने लावा, रांगोळीच्या दुकानात गेरू मिळतो. चाकाचा दर्शनी भाग गंजलेला काळपट, पण रुळाला टेकणारी कड कोरी ठेवा, खरी गाडी ती रोज घासून चकचकीत करते. शेवटी पांढऱ्या टोकदार रंगपेन्सिलीने साइडवर एखादा खडूचा खरडा, टीएक्सआरवाले (ट्रेन एक्झामिनर) तपासताना करतात तसा.

लोड खऱ्या कोळशाचाच करा, प्लास्टिकचा कोळसा कितीही रंगवला तरी तसा दिसत नाही. इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा नको, तो भुसभुशीत आणि करडा पडतो, दगडी कोळसा मिळवा, फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडा आणि चहाच्या गाळणीने चाळा. आत बसेल असा स्टायरीनचा तुकडा कापा, खाली वजन चिकटवा आणि वरून, अगदी पृष्ठभागाजवळ, एक लोखंडी वॉशर. त्यावर कोळसा पसरा. लोडरने भरलेली वॅगन असेल तर तीन चार ढिगारे, सायलोतून (कोळशाच्या उंच कोठीतून) भरलेली असेल तर मधून एकच लांब गुळगुळीत वरंबा. फेविकॉल आणि पाणी निम्मं निम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, ड्रॉपरने सोडा, आधी नुसतं पाणी फवारून घेतलं तर ढिगारा हलत नाही. दोन दिवस सुकू द्या. मग वरून मॅग्नेट टेकवला की अख्खा लोड उचलून हातात येतो, दीपनगरला रिकामी झालेली वॅगन परत खाणीकडे न्यायला मोकळी.